दक्षिणा, कपात आणि निवडणूकनिधी : शिर्डी परिसरातील राजकीय पैशाचा इतिहास

निवडणुकीला लागणारा पैसा कोठून येतो आणि तो देणाऱ्याच्या पदरात पुढे काय पडते, हा प्रश्न भारतात बहुधा उद्योगपती आणि राजकीय पक्ष यांच्या संबंधांपुरता विचारला जातो. त्यात एक श्रीमंत देणारा असतो, एक गरजू घेणारा असतो आणि दोघांमध्ये एक बंद पाकीट असते. अहमदनगर जिल्ह्याच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) उत्तरेकडील शिर्डी, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर आणि संगमनेर या पट्ट्याला ही मांडणी लावून पाहिली, तर ती अपुरी पडते. येथे राजकारणाला लागणारे बळ मुख्यतः कारखाना, बँक, शिक्षणसंस्था आणि देवस्थान अशा संस्थांतून उभे राहिले, आणि त्या संस्थांच्या अध्यक्षपदी बहुतेक वेळा निवडणूक लढवणारा पुढारीच बसलेला होता. देणारा आणि घेणारा हे एकाच माणसाच्या दोन भूमिका ठरल्या की देणगीविषयक कायद्याला पकडायला काही उरत नाही, कारण तो कायदा दोन वेगळी माणसे गृहीत धरून लिहिलेला असतो. या पट्ट्याचा इतिहास महत्त्वाचा ठरतो तो याच कारणाने. आणि निवडणूक खर्चाच्या मर्यादेतील पोकळपणावर सर्वोच्च न्यायालयाने केलेले अतिशय कठोर भाष्य याच जिल्ह्यातील एका निवडणुकीच्या खटल्यात यावे, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही.

शिर्डीत पैशाचा ओघ सुरू झाला तो राजकारणाच्या पुष्कळ आधी. साईबाबा आलेल्यांकडे दक्षिणा मागत, ती घेत आणि दिवस मावळण्यापूर्वी बहुतांशी वाटूनही टाकत, असे गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरित’ या ग्रंथावरून दिसते. या व्यवहाराची नैतिक बाजू काहीही मानली, तरी त्याचे एक आर्थिक वैशिष्ट्य नजरेआड करता येत नाही : जो पैसा साठत नाही त्याच्यावर कोणाचे नियंत्रण बसत नाही, आणि ज्याच्यावर नियंत्रण बसत नाही त्याला राजकीय किंमत येत नाही. त्या काळात राजकीय पुढारी शिर्डीला येत, पण ते दर्शनासाठी. अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे १९११-१२च्या हिवाळ्यात अनेक आठवडे तेथे राहिले आणि त्यांनी त्या मुक्कामाची रोजनिशी ठेवली. मे १९१७ मध्ये लोकमान्य टिळकही त्यांच्यासोबत दौऱ्यात शिर्डीला येऊन गेले.

टिळकांच्या पिढीची निधी उभारण्याची पद्धत येथे थोडी समजून घ्यायला हवी, कारण नंतरच्या बदलाचे मोजमाप तिच्यावरून करता येते. सार्वजनिक कार्यासाठी लोकांनी वर्गणी जमवून ती जाहीर समारंभात पुढाऱ्याच्या हाती देणे याला ‘थैली अर्पण करणे’ म्हणत. जुलै १९१६ मध्ये टिळकांच्या साठीनिमित्त त्यांना एक लाख रुपयांची थैली देण्यात आली आणि ती त्यांनी स्वतःकडे न ठेवता राष्ट्रकार्याला दिली. त्यांच्या मृत्यूनंतर १९२१ मध्ये काँग्रेसने त्यांच्याच नावाने एक कोटी रुपयांचा टिळक स्वराज्य फंड उभारला. थैलीतही मोठे देणगीदार होते, गिरणीमालक आणि व्यापारी होते, आणि त्यांचे हितसंबंध नव्हते असे समजणे भाबडेपणाचे होईल. परंतु देणे सभेत, चारचौघांसमक्ष होत असल्यामुळे देणाऱ्याचे नाव आणि घेणाऱ्याची जबाबदारी या दोन्ही गोष्टी उघड्यावर राहत. शिवाय तेव्हाच्या पुढाऱ्याच्या हाती परवाना, कोटा किंवा कर्जमाफी यांपैकी काहीच नव्हते, त्यामुळे परतफेड मागण्याला वावच थोडा होता. स्वातंत्र्यानंतर हे समीकरण उलटले : देण्याचा व्यवहार आड झाला आणि परतफेडीची शक्ती वाढली.

शिर्डीच्या आसपासची जमीन या बदलाला अनुकूल होती. गोदावरीचे कालवे आणि १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण यांमुळे दुष्काळी पट्ट्यात बारमाही पाणी आले, ऊस आला आणि उसामागून खासगी साखर कारखाने आले. हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगर आणि साकरवाडी येथील कारखाने हे त्या पहिल्या टप्प्याचे. शेतकऱ्याची जमीन खंडाने घेऊन त्याला स्वतःच्याच रानात मजूर करणाऱ्या या व्यवस्थेवरचा उतारा म्हणून लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साहाय्याने प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०-५१च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले, आणि पुढील तीन दशकांत राज्यभर या नमुन्याचे अनुकरण झाले. लोणीपासून शिर्डी फारशी लांब नाही. राहात्याचा गणेश कारखाना, कोपरगावचे काळे आणि कोल्हे यांचे कारखाने आणि संगमनेरचा थोरातांचा कारखाना मिळून शिर्डीभोवती सहकाराचे एक कडेच तयार झाले.

या कारखान्यांचा पैसा राजकारणात कसा उतरतो, हे समजण्यासाठी ‘कपात’ हा शब्द नीट ध्यानात घेतला पाहिजे. ऊस घातल्यानंतर शेतकऱ्याला टनामागे जो भाव मिळायचा, त्यातून कारखाना काही रक्कम आधीच वळती करून घेई. त्यापैकी काही ‘परतीची ठेव’ म्हणजे ठरावीक मुदतीनंतर सभासदाला परत मिळणारी रक्कम असे, आणि काही ‘बिनपरतीची ठेव’ म्हणजे नावाने ठेव पण प्रत्यक्षात कायमची दिलेली रक्कम असे. या कपातींतून शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, उपसा सिंचन योजना आणि रस्ते उभे राहिले. प्रवरानगरच्या शिक्षणसंस्था आणि रुग्णालय ही त्याची ठळक उदाहरणे होत. कोणत्याही न्याय्य लेखाजोख्यात ही कमाई मोठीच मानावी लागेल. परंतु कपातीचा ठराव सर्वसाधारण सभेत एका आवाजात मंजूर होतो, संस्था उभी राहते, तिला पुढाऱ्याच्या घराण्यातील कोणाचे तरी नाव मिळते आणि तिच्यातील शेकडो नोकऱ्या त्या घराण्याच्या शिफारशीने भरल्या जातात. तेव्हा ज्याच्या भावातून पैसा कापला गेला तोच शेतकरी त्या घराण्याचा ऋणी ठरतो. देणगीदाराने लाभार्थ्याचे आभार मानण्याचा हा उलटा शिष्टाचार सहकारी महाराष्ट्राखेरीज इतरत्र क्वचितच आढळेल.

समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या सहकारी साखर कारखान्याचा प्रत्यक्ष राहून अभ्यास केला आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कारखान्याची निवडणूक आणि तालुक्याचे राजकारण एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही, हे दाखवले. अर्थशास्त्रज्ञ संदीप सुखटणकर यांनी २०१२ मध्ये त्याच प्रश्नाला आकड्यांची जोड दिली. १९९३ ते २००५ या काळातील महाराष्ट्रातील १८३ कारखान्यांची माहिती त्यांनी तपासली. त्यांपैकी १०१ कारखान्यांचे अध्यक्ष या ना त्या वेळी विधानसभा किंवा लोकसभा लढलेले होते, आणि अशा कारखान्यांत निवडणुकीच्या वर्षी शेतकऱ्याला मिळणारा उसाचा भाव घसरत असल्याचे त्यांना आढळले. त्यांच्या निष्कर्षाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : अध्यक्ष निवडून आला तर पुढील काळात भाव काही अंशी भरून निघत असे, म्हणजे शेतकरी एका अर्थी न विचारता घेतलेल्या राजकीय गुंतवणुकीचा भागीदार ठरत असे. हा अभ्यास राज्यभराच्या सरासरीचा आहे आणि त्यावरून कोणत्याही एका कारखान्यावर किंवा अध्यक्षावर बोट ठेवता येत नाही. तथापि निवडणूकनिधी म्हणून ज्याची कोठेही नोंद नाही, असा पैसा उसाच्या बिलातून वळू शकतो एवढे त्यावरून मानायला आधार मिळतो.

कंपन्यांच्या देणग्यांचा प्रश्न मुंबईत आधीच उपस्थित झाला होता. राजकीय पक्षाला देणगी देता यावी म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या घटनापत्रात दुरुस्ती करण्याची परवानगी मागितली, तेव्हा १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी कायद्याने ती अडवता येत नाही असे सांगितले, पण हा प्रकार वाढत जाऊन एके दिवशी लोकशाहीचा गळा आवळेल असा इशाराही दिला आणि संसदेने यात लक्ष घालावे असे सुचवले. संसदेने १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी घातली आणि १९८५ मध्ये ती उठवली. मधल्या सोळा वर्षांत पैसा थांबला नाही. तो रोखीत गेला, आणि महाराष्ट्रात तो ‘प्रतिष्ठान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या न्यासांकडेही वळला. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानच्या प्रकरणात हे प्रथम उघड झाले. त्या वेळी सिमेंट ही नियंत्रित वस्तू होती, म्हणजे ती सरकारने ठरवून दिलेल्या कोट्याप्रमाणेच मिळे. बांधकाम व्यावसायिकांना मिळालेला कोटा आणि त्यांनी न्यासांना दिलेल्या देणग्या यांचा परस्परसंबंध १९८१ मध्ये वृत्तपत्रांतून बाहेर आला. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी तो संबंध मान्य केला आणि अंतुले यांना पद सोडावे लागले. पुढील फौजदारी कारवाईत त्यांना शिक्षा झाली नाही. शिर्डी पट्ट्याच्या दृष्टीने या प्रकरणातील लक्षणीय भाग असा की साखर कारखान्यांनी प्रतिष्ठानला दिलेल्या देणग्याही त्या तक्रारीत होत्या. म्हणजे सिमेंटच्या कोट्यासाठी बिल्डर जे करत होते तेच, सरकारी हमी आणि परवानग्यांसाठी राजधानीकडे डोळे लावून बसलेले सहकारी कारखाने करत असल्याचा आरोप होता. फरक इतकाच की बिल्डर स्वतःचा पैसा देत होता आणि कारखाना सभासदांचा.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१च्या कलम ७७ नुसार उमेदवाराला आपल्या खर्चाचा हिशेब ठेवावा लागतो आणि तो ठरवून दिलेल्या मर्यादेत राहावा लागतो. पक्षाने किंवा मित्रांनी उमेदवारासाठी केलेला खर्च या मर्यादेत धरायचा की नाही, हा कळीचा प्रश्न होता. ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात तो धरला पाहिजे असे सांगताच काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्यानंतर कायद्यात दुरुस्ती झाली : पक्षाने किंवा इतर कोणी केलेला खर्च उमेदवाराच्या खात्यावर येणार नाही. या एका ‘स्पष्टीकरणा’ने मर्यादा कागदावर उरली, कारण कोणताही खर्च ‘मी नाही, माझ्या हितचिंतकांनी केला’ असे म्हणून बाहेर काढता येऊ लागला.

१९९१ची अहमदनगर लोकसभा निवडणूक या पार्श्वभूमीवर झाली. कोपरगाव मतदारसंघाचे, म्हणजे शिर्डी ज्यात येत होती त्या मतदारसंघाचे, १९७१ पासून सतत प्रतिनिधित्व करणारे बाळासाहेब विखे पाटील या वेळी दक्षिणेकडील अहमदनगर मतदारसंघात अपक्ष म्हणून उभे राहिले. कोपरगावची जागा काँग्रेसच्या शंकरराव काळे यांनी जिंकली. विखे यांच्यासमोर काँग्रेसचे उमेदवार होते सोनईचे यशवंतराव गडाख, मुळा सहकारी साखर कारखान्याचे संस्थापक आणि पुढे लेखक म्हणूनही ओळखले गेलेले पुढारी. ही लढत दोन पक्षांपेक्षा दोन कारखान्यांची आणि त्यांच्या मागे असलेल्या दोन मोठ्या जाळ्यांची होती, आणि तिचा प्रचारही पैशाभोवतीच फिरला. विखे यांनी पैशाच्या बळावर निवडणूक फिरवण्याचा घाट घातला आहे, अशा आशयाचे आरोप प्रचारसभांतून झाले. गडाख विजयी झाल्यानंतर विखे यांनी निवडणूक याचिका दाखल केली. प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याविषयी खोटी विधाने करणे हा कायद्याने भ्रष्ट आचार ठरतो, आणि त्या आधारावर १९९३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गडाख यांची निवड रद्द केली. प्रचारातील भाषणांबद्दल शरद पवार यांच्यावरही ठपका ठेवला. नोव्हेंबर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गडाख यांच्या निवडीविरुद्धचा निर्णय कायम ठेवला आणि पवार यांच्यावरील ठपका काढून टाकला.

महाराष्ट्राच्या राजकीय स्मृतीत हा खटला विखे-पवार वैराचा उगम म्हणून राहिला, आणि २०१९ मध्ये याच जागेच्या वाटपावरून बाळासाहेबांचे नातू सुजय विखे भारतीय जनता पक्षात गेले तेव्हा त्याची पुन्हा उजळणी झाली. विधिशास्त्राच्या दृष्टीने मात्र खटल्याचे महत्त्व वेगळे आहे. निर्णयात न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांनी खर्चमर्यादेविषयी स्वतंत्रपणे लिहिले : १९७४च्या दुरुस्तीमुळे ही मर्यादा निव्वळ धूळफेक झाली आहे, आणि ही उणीव संसदेने दूर केली नाही तर ती सर्वांच्याच सोयीसाठी मुद्दाम ठेवली आहे असा समज दृढ होईल. त्या निवडणुकीच्या वेळी मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराची मर्यादा दीड लाख रुपये होती. एका साखर कारखान्याच्या गाड्या, कर्मचारी आणि कार्यालये प्रचारात उतरली तर त्यांची किंमत या रकमेत कधीच मावली नसती, हे जिल्ह्यातील कोणालाही सांगावे लागत नव्हते. आरोपांचे स्वरूप तपासले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. दोन्ही बाजू एकमेकांवर पैसा वापरल्याचा आरोप करत होत्या, परंतु तो पैसा कोणाचा, हा प्रश्न कोणत्याही बाजूने न्यायालयासमोर निकराने लढवला नाही. दोघांचेही बळ एकाच प्रकारच्या झऱ्यातून येत असेल, तर तो प्रश्न कोणी विचारावा?

या सगळ्या काळात शिर्डीच्या देवस्थानचा कारभार वेगळ्या मार्गाने चालला होता. १९१८ मध्ये साईबाबांचे देहावसान झाले आणि नागपूरच्या बापूसाहेब बुट्टी यांनी बांधलेल्या वाड्यात त्यांची समाधी झाली. आता पैसा साठू लागला, आणि साठलेल्या पैशाला मालक हवा असल्यामुळे तो प्रश्न न्यायालयात गेला. १९२२ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा न्यायालयाने घालून दिलेल्या ‘योजने’नुसार, म्हणजे न्यासाचा कारभार कोणी आणि कसा पाहायचा हे ठरवणाऱ्या नियमावलीनुसार, संस्थान अस्तित्वात आले. पुढे सार्वजनिक न्यासाचा कायदा लागू झाला, योजना बदलल्या, पण २००४ पर्यंत कारभारावर न्यायालय आणि धर्मादाय यंत्रणा यांची नजर राहिली. २००४ मध्ये राज्य विधिमंडळाने स्वतंत्र कायदा करून व्यवस्थापन समिती नेमण्याचा अधिकार राज्य सरकारकडे घेतला. पहिल्या समितीचे अध्यक्षपद श्रीरामपूरचे काँग्रेसचे आमदार जयंत ससाणे यांच्याकडे गेले. भाविकांच्या दानपेटीत येणारा कोट्यवधी रुपयांचा निधी कोठे आणि कसा खर्च करायचा, हे ठरवणारे पद त्यानंतर सत्तारूढ आघाडीतील वाटपाचा भाग झाले; २०२१ मध्ये तर शिर्डी राष्ट्रवादीला आणि पंढरपूर काँग्रेसला अशी विभागणी वर्तमानपत्रांत सहजपणे छापून येत होती, जणू ती खाती असावीत.

उच्च न्यायालयाने हे सहजपणे स्वीकारले नाही. २०१२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने जुनी समिती दूर करून जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली तदर्थ, म्हणजे तात्पुरती समिती बसवली. २०१६ मध्ये भाजपचे नेते आणि बांधकाम व्यावसायिक सुरेश हावरे अध्यक्ष झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये कोपरगावचे राष्ट्रवादीचे आमदार, शंकरराव काळे यांचे नातू आणि कारखान्याचे अध्यक्ष आशुतोष काळे यांच्याकडे हे पद आले, आणि वर्षभरात, सप्टेंबर २०२२ मध्ये, उच्च न्यायालयाने तीही समिती रद्द करून पुन्हा न्यायाधीशांच्या हाती कारभार दिला. कारखाना, विधानसभा आणि देवस्थान ही तीन पदे एकाच वेळी एका घराण्याकडे येणे हा या पट्ट्यातील जुन्या प्रक्रियेचा स्वाभाविक पुढचा टप्पा होता. त्यात व्यक्तीचा दोष शोधण्यापेक्षा ती व्यवस्था वाचणे अधिक उपयोगाचे.

संस्थानच्या पैशाचा वापर अनेकदा वादात आला, आणि त्या वादांचे स्वरूप देणगी आणि परतफेड यांच्या नात्याशी जुळते. डिसेंबर २०१८ मध्ये निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी संस्थानने राज्य सरकारला ५०० कोटी रुपये बिनव्याजी द्यावेत असा निर्णय झाला. निळवंड्याचे पाणी हा अकोले, संगमनेर आणि राहाता भागांतील दुष्काळी गावांचा अनेक दशकांचा प्रश्न होता, आणि भाविकांचा पैसा शेजारच्या गावांच्या पाण्याला लागावा यात अनुचित काही नाही, असे समर्थन करता येते. परंतु ज्या सरकारने समिती नेमली त्याच सरकारला त्या समितीने सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर कर्ज द्यावे, आणि त्याचे श्रेय स्थानिक पुढाऱ्यांनी घ्यावे, यात देणाऱ्याचा स्वतंत्र निर्णय कोठे उरतो? मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत संस्थानने मुख्यमंत्री सहायता निधीला ५१ कोटी रुपये दिले तेव्हाही हाच आक्षेप आला. मुंबईच्या सिद्धिविनायक न्यासाच्या बाबतीत निवृत्त न्यायमूर्ती टिपणीस यांच्या समितीने असाच मुद्दा काढला होता : न्यासाकडून संस्थांना मिळणाऱ्या मदतीवर राजकीय शिफारशींचा प्रभाव होता. आंध्र प्रदेशात त्याच्या उलट दिशेने जाणारे उदाहरण घडले. कर्नाटकातील खाणमालक आणि मंत्री गाली जनार्दन रेड्डी यांनी २००९ मध्ये तिरुपतीला हिरेजडित मुकुट अर्पण केला, आणि २०११ मध्ये बेकायदा खाणकामाच्या प्रकरणात त्यांना अटक झाल्यानंतर तो मुकुट परत करावा अशी मागणी झाली. वादग्रस्त दात्याचे दान ठेवावे की परतवावे, हा प्रश्न देवस्थानांसमोर निदान उघडपणे आला. राजकीय पक्षांसमोर तो त्या स्वरूपात क्वचितच येतो.

निनावी दानाच्या बाबतीत ही तफावत आणखी स्पष्ट दिसते. प्राप्तिकर कायद्यात २००६ मध्ये घातलेल्या तरतुदीनुसार ज्या न्यासाला देणगीदाराचे नाव-पत्ता न नोंदवता पैसा मिळतो, त्या निनावी रकमेवर ३० टक्के कर बसतो. निव्वळ धार्मिक न्यासांना यातून सूट आहे, आणि धार्मिक व धर्मादाय अशा दुहेरी न्यासांनाही काही अटींवर आहे. शिर्डी संस्थान रुग्णालये आणि शिक्षणसंस्थाही चालवते म्हणून ते मुख्यतः धर्मादाय आहे आणि त्याच्या हुंडीतील, म्हणजे दानपेटीतील, पैशावर कर लागतो, अशी प्राप्तिकर खात्याची भूमिका होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संस्थान धार्मिकही आहे आणि धर्मादायही, असा निर्णय देऊन सूट मान्य केली. पेटीत दहा रुपये टाकणाऱ्याचे नाव न लिहिण्याबद्दल शिर्डीला वर्षानुवर्षे करविभागाशी झगडावे लागले. त्याच वर्षांत राजकीय पक्षांना निनावी पैसा मिळण्याची सोय मात्र सरकारनेच करून दिली होती.

२ जानेवारी २०१८ रोजी अधिसूचित झालेल्या निवडणूक रोखे योजनेनुसार कोणतीही व्यक्ती किंवा कंपनी स्टेट बँकेकडून रोखा, म्हणजे वाहकाला पैसे मिळतील असे वचनपत्र, विकत घेऊन पक्षाला देऊ शकत होती आणि तिचे नाव जनतेपुढे येत नव्हते. त्याआधी २०१७ मध्ये कंपन्यांच्या देणगीवरील नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढून टाकली गेली, त्यामुळे तोट्यातील कंपनीलाही देणगी देण्याची मुभा मिळाली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीत सर्वांत मोठा खरेदीदार निघाला तो अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशीखाली असलेली लॉटरी कंपनी फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटी रुपयांचा. त्याखालोखाल सार्वजनिक कामांची मोठी कंत्राटे घेणारी मेघा इंजिनिअरिंग होती, ९६६ कोटी रुपयांची. छागला यांनी १९५७ मध्ये दिलेला इशारा या यादीशी ताडून पाहण्यासारखा आहे.

रोखे गेले तरी शिर्डी पट्ट्यातील मूळ व्यवहार रोख्यांवर कधी अवलंबून नव्हता, हे विसरता येत नाही. पक्षाचा निधी मुंबई-दिल्लीत गोळा होतो. तालुक्यातील निवडणूक अजूनही संस्थांच्या बळावर लढवली जाते. गेल्या काही वर्षांत पक्षांनी आपली मोठी शिबिरे भरवण्यासाठी शिर्डीची निवड वारंवार केली आहे. काँग्रेसने जून २०२२ मध्ये, राष्ट्रवादीने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि फुटीनंतर तिच्या दोन्ही गटांनी वेगवेगळ्या वेळी, तर भाजपने जानेवारी २०२५ मध्ये येथे अधिवेशने घेतली. हजारो खोल्या, विमानतळ आणि रेल्वे अशा सोयी असल्यामुळे ते समजण्यासारखे आहे. तरी या शिबिरांत निवडणूकनिधीच्या नीतीवर ठराव झाल्याचे ऐकिवात नाही.

खर्चाच्या मर्यादेबद्दल राज्यातील पुढारी खासगीत जे बोलतात, ते एकदा जाहीरपणेही बोलले गेले. जून २०१३ मध्ये मुंबईतील एका कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे यांनी २००९च्या लोकसभा निवडणुकीत आपण आठ कोटी रुपये खर्च केल्याचे सांगितले. त्या वेळची मर्यादा २५ लाख रुपये होती. निवडणूक आयोगाने नोटीस काढली, खुलासे झाले, आणि प्रकरण थंडावले. २००३च्या दुरुस्तीने १९७४चे स्पष्टीकरण अंशतः मागे घेतले आणि मित्र-हितचिंतकांच्या खर्चाची पळवाट बंद केली, परंतु पक्षाच्या प्रमुख प्रचारकांचा प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार तिच्याबाहेरच राहिला. २०२२ पासून मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराची मर्यादा ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराची ४० लाख रुपये आहे. पक्षाच्या खर्चाला कोणतीही मर्यादा नाही, सभासदांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेची यंत्रणा तिच्या अध्यक्षाच्या प्रचारात उतरली तर तिचे मोल लावणारी कार्यक्षम व्यवस्था नाही, आणि अहमदनगरच्या खटल्यात १९९३ मध्ये संसदेकडे सोपवलेले काम अजून अर्धेच झाले आहे.